स्टार लावला की ‘फाइल सापडत नाही’: डॉस आणि सीपी/एमवर वाइल्डकार्ड का उलगडत नाही

ही अडचण माझ्याकडे वर्षानुवर्षं जवळपास त्याच शब्दांत येते. सी मधला एखादा छोटा प्रोग्राम, समजा शब्द मोजणारा, लिनक्सवर नीट चालतोय. तोच टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपायलरमध्ये कंपाइल करून जुन्या पीसीवर किंवा डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेला. एका फाइलीचं नाव दिलं की चालतो. मग सगळ्या फाइली एकदम मोजाव्यात म्हणून वाइल्डकार्ड, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ असं सांगणारा स्टार, वापरून असं लिहिलं:

मोजा *.टीएक्सटी

आणि उत्तर आलं, ‘*.टीएक्सटी उघडता आली नाही’. डिर केलं तर फाइली समोर दिसताहेत. एकेकीचं नाव दिलं तर उघडताहेत. मग डिस्क गेली का, डॉसबॉक्सचं माउंट चुकलं का, फाइलींना रीड-ओन्ली लागलंय का, अशी शोधाशोध सुरू होते आणि अख्खी संध्याकाळ त्यात जाते. यातलं काहीही बिघडलेलं नसतं.

आधी हे तपासा, एक मिनिट लागतं. मेनच्या पहिल्याच ओळीत आर्गसीची किंमत (प्रोग्रामचं स्वतःचं नाव धरून किती आर्ग्युमेंट मिळाली तो आकडा) छापा आणि त्याखाली प्रत्येक आर्गव्ही, म्हणजे ती आर्ग्युमेंट, चौकटी कंसात घालून छापा. कंस हवेतच, कारण नावाला चिकटलेली रिकामी जागा त्यांच्याशिवाय दिसत नाही. लिनक्सवर तीन फाइली असतील तर आर्गसी ४ येतो आणि तिन्ही नावं ओळीनं दिसतात. डॉसवर आर्गसी २ येतो आणि खाली एकच ओळ असते:

[*.टीएक्सटी]

म्हणजे प्रोग्रामच्या हातात नावं पोचलीच नाहीत, नुसता नमुना पोचला. त्यानं इमानेइतबारे ‘*.टीएक्सटी’ याच नावाची फाइल मागितली. डॉसमध्ये तसं नाव असूच शकत नाही, त्यामुळे फाइल उघडणारा एफओपन रिकाम्या हातानं परतला.

युनिक्सवर स्टार उलगडण्याचं, म्हणजे त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं घालण्याचं, काम शेलकडे (टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) आहे. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत शेल हे काम ‘ग्लॉब’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवायचा, पुढे ते शेलमध्येच आलं. तुमचा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा नावं सुटी होऊन रांगेत उभी असतात, त्यामुळे युनिक्सवर वाढलेल्या सी प्रोग्रामला स्टार नावाची चीज आहे हेच ठाऊक नसतं. डॉसच्याही आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचा सीसीपी आणि डॉसचा कमांड.कॉम हे तिथले शेल, पण ते तसं करत नाहीत. टाइप केलेली ओळ ते मेमरीत ८०एच (एच म्हणजे आकडा हेक्समधला) या जागी ठेवतात (सीपी/एम आधी सगळी अक्षरं कॅपिटल करतो) आणि पुढचं प्रोग्रामवर सोडतात.

लोक याला डॉसचा दोष म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण हिशेब मांडून पाहिला तर दुसरा मार्ग नव्हता. ८०एच वरची जागा १२८ बाइटची. पहिला बाइट लांबीचा, डॉसमध्ये शेवटचा एंटरचा, उरले १२६. आठ अक्षरांचं नाव, एक टिंब, तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन आणि पुढची एक रिकामी जागा मिळून १३. म्हणजे पूर्ण लांबीची नऊ नावं बसली की ओळ संपली. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या मूळ डिरेक्टरीतच ११२ नोंदी मावतात. शेलनं उलगडायचं म्हटलं असतं तरी नावं ठेवायला जागाच नव्हती. प्रोग्रामच्या आत मात्र आहे: ११२ नावं, प्रत्येकी १३ बाइट आणि दोन बाइटचा पॉइंटर, मिळून १६८० बाइट. स्मॉल मॉडेलच्या ६४ केबीत हे सहज मावतं. म्हणून उलगडणी प्रोग्रामच्या आतच व्हायला हवी, आणि माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की ती सुरुवातीलाच, एका दमात, एकही फाइल उघडण्याआधी व्हायला हवी. पुढे दिलेल्या बहुतेक भानगडी हा क्रम मोडल्यामुळेच होतात.

सी कंपायलर बनवणाऱ्यांनी ही सोय करून ठेवलेली आहे, फक्त ती आपणहून लागू होत नाही. टर्बो सी मध्ये लिब डिरेक्टरीत वाइल्डआर्ग्स.ओबीजे नावाची, आधीच कंपाइल केलेली फाइल असते. ती जोडायची:

टीसीसी मोजा.सी \टीसी\लिब\वाइल्डआर्ग्स.ओबीजे

मायक्रोसॉफ्ट सी मध्ये तिचं नाव सेटआर्ग्व्ही.ओबीजे:

सीएल मोजा.सी सेटआर्ग्व्ही /लिंक /एनओई

शेवटचा /एनओई विसरलात तर एकच नाव दोनदा आल्याची तक्रार लिंकर करतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो स्विच घाला. या फाइली जोडल्या की मेन सुरू व्हायच्या आधीच स्टार्टअप कोड स्टार आणि प्रश्नचिन्ह असलेलं प्रत्येक आर्ग्युमेंट उलगडतो. तुमच्या प्रोग्रामची एकही ओळ बदलत नाही. एकही फाइल जुळली नाही तर आर्ग्युमेंट होतं तसंच येतं, म्हणून ‘*.टीएक्सटी उघडता आली नाही’ हा संदेश यानंतरही कधीतरी दिसेल. तेव्हा मात्र तो खरा असतो.

आता ‘काल चालत होतं, आज नाही’ याबद्दल. हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि तिचं कारण जवळजवळ दर वेळी एकच निघतं. ही ओबीजे जोडली काय आणि न जोडली काय, प्रोग्राम दोन्ही वेळा बिनतक्रार कंपाइल होतो. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर तुम्ही प्रोजेक्ट फाइल बनवून तिच्यात मोजा.सी आणि वाइल्डआर्ग्स.ओबीजे दोन्ही घातल्या, सगळं जमलं. दुसऱ्या दिवशी सवयीनं थेट मोजा.सी उघडली आणि कंट्रोल-एफ९ दाबलं. प्रोजेक्ट उघडलेलं नाही, तर ओबीजे जोडली जात नाही, आणि नवी ईएक्सई जुन्या चांगल्या ईएक्सईवर बसते. पडद्यावर इशारा नाही, एरर नाही. आपल्याकडे महाविद्यालयांच्या लॅबमध्ये टर्बो सी इतकी वर्षं चालला, पण तिथे प्रोजेक्ट मेन्यूपर्यंत फारसं कुणी जायचं नाही. एकच फाइल उघडायची नि कंट्रोल-एफ९ दाबायचं, हीच बोटांना सवय. म्हणून माझं सांगणं: अशा प्रोग्रामचं बिल्ड नेहमी बॅच फाइलीतून करा, आणि त्याच बॅच फाइलीच्या शेवटी स्टार देऊन एकदा प्रोग्राम चालवून पाहा.

प्रोग्रामचा सोर्स हातात नसेल तर डॉसची फॉर ही कमांड वापरा. प्रॉम्प्टवर

फॉर %फ इन (*.टीएक्सटी) डू मोजा %फ

आणि बॅच फाइलीत टक्क्याचं चिन्ह दुहेरी. चालतं, पण प्रत्येक फाइलीसाठी प्रोग्राम नव्यानं लोड होतो, फ्लॉपीवर तो आवाज ऐकत बसावं लागतं, आणि सगळ्या फाइलींची एकूण बेरीज मिळत नाही.

दुसरं लक्षण: एरर येत नाही, पण फक्त पहिलीच फाइल हाताळली जाते. हा प्रोग्राम बहुधा एफसीबी (फाइल कंट्रोल ब्लॉक, फाइलीचं नाव आणि स्थिती ठेवणारा मेमरीतला तुकडा) वापरणारा, म्हणजे सीपी/एमच्या वळणाचा असतो. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस, म्हणजे डॉसचा पूर्वज, लिहिला तेव्हा सीपी/एमचे प्रोग्राम सहज उतरवता यावेत म्हणून मांडणी तशीच ठेवली: पहिली दोन आर्ग्युमेंट ५सीएच आणि ६सीएच या जागी एफसीबीच्या रूपात आधीच मांडून मिळतात. त्यात स्टारच्या जागी प्रश्नचिन्हं भरलेली असतात. *.टीएक्सटीचं होतं ‘????????टीएक्सटी’. हा एफसीबी तसाच ‘ओपन’ला दिला की प्रश्नचिन्ह कुठल्याही अक्षराशी जुळतं, डिरेक्टरीतली पहिली जुळणारी फाइल उघडते, आणि प्रोग्राम समाधानानं संपतो. वापरणाऱ्याला वाटतं सगळ्या फाइली झाल्या. स्पष्ट एरर देणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हा मला जास्त धोक्याचा वाटतो. अशा प्रोग्राममध्ये आधी एफसीबीत प्रश्नचिन्ह आहे का ते पाहायचं, आणि असेल तर शोधाची फंक्शनं वापरायची.

ही शोधाची फंक्शनं स्वतः वापरायला घेतली की खरी परीक्षा सुरू होते.

डॉस २.० पासून, म्हणजे १९८३ पासून, इंटरप्ट २१एच मध्ये, म्हणजे प्रोग्राम डॉसला काम सांगतो त्या दारात, ४ईएच आणि ४एफएच ही दोन फंक्शनं आहेत. पहिलं पहिली फाइल शोधतं, दुसरं पुढची. निकाल ४३ बाइटच्या एका तुकड्यात मिळतो, ज्याला डीटीए (डिस्क ट्रान्सफर एरिया) म्हणतात. त्यातले पहिले २१ बाइट डॉसचे स्वतःचे, शोध कुठवर आला याची खूण ठेवायला. मग अ‍ॅट्रिब्यूट, वेळ, तारीख, आकार, आणि १ईएच पासून पुढे फाइलीचं नाव.

घोटाळा असा की प्रोग्राम सुरू होताना हा डीटीए ठेवलेला असतो ८०एच वर. म्हणजे जिथे कमांड लाइन आहे, नेमका तिच्याच डोक्यावर. असेंब्लीत लिहिणारे, किंवा पास्कलमध्ये अ‍ॅब्सोल्यूट लावून ८०एच वरची ओळ थेट वाचणारे, इथे हमखास अडकतात. लक्षण ओळखीचं आहे: पहिल्या आर्ग्युमेंटच्या फाइली नीट मिळतात आणि दुसरं आर्ग्युमेंट वाचायला गेलं की कचरा निघतो. डीबगमध्ये प्रोग्राम घ्या, पहिल्या शोधानंतर थांबवा आणि ‘डी ८०’ करा. लांबीच्या बाइटच्या जागी भलताच आकडा दिसेल, आणि ९ईएच पासून, जिथे तुमच्या ओळीचा मधला भाग असायला हवा, तिथे सापडलेल्या फाइलीचं नाव. ८० मध्ये १ई मिळवा, ९ईच येतात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरायला होत नाही. उपाय दोन, आणि दोन्ही करा: सुरुवातीलाच सगळी ओळ आपल्या बफरमध्ये उतरवून घ्या, आणि शोधाआधी फंक्शन १एएच नं डीटीए स्वतःच्या जागी हलवा. टर्बो सीचा फाइंडफर्स्ट (४ईएच वापरणारं तयार फंक्शन; ४एफएच साठीचं फाइंडनेक्स्ट) डीटीए आपला आपण हलवतो, म्हणून सी लिहिणाऱ्यांना हा अनुभव सहसा येत नाही.

सीपी/एमवर हेच आणखी निर्दय आहे. तिथे शोधाची फंक्शनं १७ आणि १८. निकालात एक नाव मिळत नाही, डिरेक्टरीचा १२८ बाइटचा अख्खा सेक्टर मिळतो, तोही न हलवल्यास ८०एच वरच. म्हणजे कमांड लाइन मुळापासून पुसली गेली. (हलवायचं फंक्शन २६. हेक्समध्ये मांडलं तर १ए. डॉसनं क्रमांकसुद्धा तोच ठेवला.) त्या सेक्टरमध्ये ३२ बाइटच्या चार नोंदी असतात आणि कितवी जुळली ते ० ते ३ या आकड्यानं कळतं, काहीच न जुळल्यास २५५. त्या आकड्याला ३२ नं गुणा, बफरच्या पत्त्यात मिळवा, पुढचा एक बाइट सोडा, तिथून अकरा अक्षरं नावाची. ही अकरा अक्षरं उचलताना प्रत्येकाचा वरचा बिट काढून टाका. सीपी/एम २.२ मध्ये रीड-ओन्ली आणि सिस्टिम या खुणा एक्स्टेन्शनच्या पहिल्या दोन अक्षरांच्या वरच्या बिटात लपवलेल्या असतात. बिट काढला नाही तर बाकी सगळ्या फाइली चालतात आणि नेमक्या रीड-ओन्ली केलेल्या फाइलींच्या नावात विचित्र अक्षर उमटतं.

एखादी मोठी फाइल यादीत दोनदा येत असेल तर एफसीबीच्या एक्स्टेंटच्या (फाइलीचा कितवा तुकडा ते सांगणाऱ्या) बाइटमध्ये प्रश्नचिन्ह राहिलंय. मोठ्या फाइलीला डिरेक्टरीत एकापेक्षा जास्त नोंदी लागतात आणि त्या सगळ्या जुळतात. तिथे शून्य ठेवा.

आणि आता क्रमाचा मुद्दा. नवखा माणूस साहजिकच असं लूप लिहितो: एक फाइल शोध, उघड, वाच, बंद कर, पुढची शोध. सीपी/एममध्ये हे चालत नाही. शोध कुठवर आला ही खूण तिथे बीडॉसच्या (सीपी/एमच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या) पोटात असते, प्रोग्रामच्या नाही. फंक्शन १७ आणि १८ च्या मध्ये डिस्कचं दुसरं कुठलंही काम केलं की ती खूण हलते. मग मधल्या फाइली गळतात, किंवा शोध मध्येच संपतो. चाचणीच्या दोन फाइलींवर कदाचित ठीकच दिसेल. भरलेल्या डिस्कवर मग नुकसान होतं.

डॉसमध्ये खूण डीटीएत असल्यामुळे दोन शोध एकात एक चालवता येतात, फक्त दोघांना वेगळा डीटीए द्या. पण तिथे वेगळा सापळा आहे. तुमचा प्रोग्राम प्रत्येक फाइलीची सुधारित प्रत त्याच डिरेक्टरीत, त्याच एक्स्टेन्शननं लिहीत असेल, तर ती नवी प्रत डिरेक्टरीत पुढच्या रिकाम्या जागी बसते आणि थोड्या वेळानं फाइंडनेक्स्टला सापडते. मग प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. डिस्क भरेपर्यंत थांबत नाही. दोन्हीकडे औषध एकच: आधी सगळी नावं गोळा करा, शोध संपवा, मग पहिली फाइल उघडा.

गोळा केल्यावर आणखी दोन गोष्टी करायच्या असतात. पहिली, वाट (पाथ) जोडणं. ४ईएच फक्त नाव देतं, वाट देत नाही. ‘ए:\पत्रे\*.टीएक्सटी’ मागितलंत तर हातात ‘जून.टीएक्सटी’ येतं आणि प्रोग्राम ती चालू डिरेक्टरीत शोधतो. नमुन्यातल्या शेवटच्या उलट्या तिरप्या रेघेपर्यंतचा किंवा ड्राइव्हच्या कोलनपर्यंतचा भाग उचलून प्रत्येक नावाआधी लावा.

दुसरी, क्रम लावणं. युनिक्सचा शेल नावं वर्णानुक्रमे देतो, डॉस मात्र डिरेक्टरीत जशा नोंदी पडल्यात तशी देतो. मी एकदा एका हस्तलिखिताची अठरा प्रकरणं स्टार देऊन एका फाइलीत जोडली. पहिली पानं चाळली, ठीक वाटली. छापल्यावर कळलं की सातवं प्रकरण दुसऱ्याच्या पाठोपाठ आलंय. फाइली वर्डस्टारमध्ये लिहिलेल्या होत्या. वर्डस्टार सेव्ह करताना नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहितो, जुनीला .बीएके करतो आणि नवीला मूळ नाव देतो. म्हणजे ज्या प्रकरणाला हात लागला त्याची नोंद डिरेक्टरीत दुसऱ्याच, पुसलेल्या नोंदीच्या रिकाम्या जागी जाऊन बसते. जितकं संपादन जास्त, तितका क्रम विस्कटलेला. त्या दिवसापासून मी नावं गोळा केल्यावर क्यूसॉर्ट लावल्याशिवाय पुढे जात नाही. फाइलींना आकडे देताना ०१, ०२ असेच द्या, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो.

आता नमुन्याच्या अर्थाबद्दल, कारण इथे चूक झाली तर फाइली कायमच्या जातात. डॉसमध्ये स्टार म्हणजे ‘इथून पुढची सगळी घरं प्रश्नचिन्हांनी भरा’. त्यामुळे स्टारच्या मागे लिहिलेली अक्षरं वायाच जातात. ‘*१.टीएक्सटी’ म्हणजे डॉसच्या लेखी ‘*.टीएक्सटी’. युनिक्सच्या सवयीनं कुणी ‘डेल *१.टीएक्सटी’ केलं तर ‘खात्री आहे का’ असंही न विचारता सगळ्या .टीएक्सटी फाइली पुसल्या जातात. डॉसबॉक्समध्येही हेच नियम आहेत. विंडोज ९५ नंतरच्या लांब नावांच्या शोधात ही वागणूक बदलली, म्हणून विंडोजवर तपासलेला नमुना डॉसवर तसाच वापरू नका. प्रश्नचिन्ह नावाच्या शेवटी असेल तर रिकाम्या जागेशीही जुळतं: ‘पत्र?.टीएक्सटी’ मध्ये नुसती ‘पत्र.टीएक्सटी’ पण येते. आणि नुसता ‘*’ दिला तर ४ईएचला फक्त एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली मिळतात. डिर मात्र स्वतःहून ‘.*’ जोडून सगळ्या दाखवतो, म्हणून डिरवरून ताडून पाहू नका. डॉसवर ‘सगळ्या’ म्हणजे ‘*.*’.

उलट दिशेची तक्रारही येते: नको असताना स्टार उलगडतो. ओळीत शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून ‘क*’ असा शोधाचा नमुना दिला आणि डिरेक्टरीत क वरून नावं असली, तर नमुन्याच्या जागी फाइलींची नावं जातात. टर्बो सीच्या वाइल्डआर्ग्समध्ये दुहेरी अवतरणातलं आर्ग्युमेंट उलगडत नाही, तेव्हा ‘"क*"’ असं द्या. स्वतः उलगडणी लिहीत असाल तर तिरप्या रेघेनं किंवा वजाच्या चिन्हानं सुरू होणारं आर्ग्युमेंट आधीच बाजूला काढा, नाहीतर मदतीसाठी दिलेला ‘/?’ सुद्धा फाइलींचा नमुना समजून मूळ डिरेक्टरीत शोधला जाईल.

डीजेजीपीपी या डॉसवरच्या सी कंपायलरमध्ये उलगडणी मुळातच चालू असते. नको असल्यास ‘__सीआरटी०_ग्लॉब_फंक्शन’ नावाचं, शून्य परत करणारं फंक्शन लिहा. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू कंपायलरमध्ये त्यासाठी ‘_सीआरटी_ग्लॉब’ या चलाची किंमत शून्य ठेवतात. व्हिज्युअल सी++ मध्ये मात्र आजही सेटआर्ग्व्ही.ओबीजे हातानंच जोडावी लागते, कारण विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट अजूनही स्टार जसाच्या तसा पुढे ढकलतो.